लेखकाशी जाहीर गप्पा ठेवायच्यात? सीमाभागातल्या मंडळांसाठी पहिल्या बैठकीपासून मानधनाच्या पाकिटापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही लेखकाची प्रकट मुलाखत ठेवायची म्हटलं की मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न हॉलचा निघतो, दुसरा अध्यक्ष कोण, तिसरा जेवणाचं काय, आणि ज्याला बोलवायचंय त्याचं पुस्तक कुणी वाचलंय काय हा प्रश्न निघालाच तर चहाचे कप उचलताना निघतो. पुढं काय होतंय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. लेखक येतो, शाल घेतो, सीमाभागातल्या मराठी माणसाच्या चिकाटीवर चार वाक्यं बोलतो, टाळ्या पडतात, आणि त्याच्या कथेतल्या बाईबद्दल, तिच्या जातीबद्दल, ती कथा त्यानं तशीच का लिहिली याबद्दल एक अक्षर न होता कार्यक्रम आटपतो. ह्यात लेखकाचा दोष कमी असतोय, आपणच त्याला पाव्हणा म्हणून बोलवतो, लेखक म्हणून बोलवायचं राहूनच जातं.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. कोण किती मोठा लेखक बोलवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ओळख, जात, बाईपण, भाषा, न्याय असल्या विषयांवर लेखकाला बोलतं करायचं असेल तर माझं एक म्हणणं आहे, हे सगळं विचारायचंच, पण पुस्तकाच्या पानावरनं आत शिरून विचारायचं. थेट विचारलं की भाषण मिळतं. खाली सगळं त्याच हिशोबानं सांगितलंय.

आधी कोण आणि कशाला

चार-पाच जण पुरे. त्यातल्या किमान दोघांनी त्या लेखकाचं एखादं पुस्तक मनापासून वाचलेलं पाहिजे, आवडलं नसलं तरी चालेल, भांडण असलं तर अजून बरं. "ते येतात म्हणे बोलावलं की" हे काही लेखक निवडायचं कारण नव्हे.

आपल्याकडं कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत थंडीच्या दिवसांत साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, अख्खं गाव येतं, आणि ही परंपरा खरंच मोठी आहे, शहरातल्या लोकांना ह्यातलं अर्धं पण जमत नाही. पण संमेलनात मुलाखतीला एक सत्र मिळतं, तेही आधीचं सत्र लांबलं की कापलं जातं. तुम्ही जे करणार आहात ते वेगळं आहे, साठ-सत्तर माणसं, एक लेखक, दीड तास. साठ माणसं आली तर कार्यक्रम पडला असं समजू नका, अशा गप्पांना तेवढीच बरी.

अजून एक गोष्ट बैठकीतच बोलून घ्या. बेळगावात साहित्याचं स्टेज आणि भाषेचा प्रश्न हे जुने सोबती आहेत, १९४६ सालच्या इथल्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. तेव्हापासून इथं कुठलाही मराठी लेखक स्टेजवर बसला की तो प्रश्न त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतोच. त्याला हाकलायचं काही कारण नाही. फक्त त्याच्या आड काय काय झाकलं जातं ते बघा. 'सीमाभागातला मराठी माणूस' म्हटलं की पोस्टरवर कोण येतं? वडगाव-शहापूरचा विणकर येतो काय? निपाणीत तंबाखूच्या वखारीत, विड्या वळण्यात आयुष्य गेलेली बाई? घरात दखनी उर्दू बोलणारा आणि मराठी शाळेत शिकलेला मुस्लिम मुलगा? गावाच्या कडेच्या वस्तीतला माणूस? मराठी म्हणून आपण इथं अल्पसंख्य आहोत हे खरं, आणि मराठीच्या आत कोण बहुसंख्य आहे हेही खरं. लेखक निवडताना ह्या दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवा. वर्षाला चार कार्यक्रम करत असाल आणि चारही लेखक एकाच आडनावांच्या यादीतले असतील तर विषयपत्रिकेत सामाजिक न्याय लिहून काही उपयोग नाही.

निमंत्रण कसं द्यायचं

आधी फोन, मग लगेच लेखी, व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली तरी चालते. त्यात हे सगळं पाहिजे: तारीख, वेळ, किती मिनिटं बोलणं, मुलाखत कोण घेणार, कुठल्या पुस्तकांवर, स्टेजवर अजून कोण कोण असणार, रेकॉर्डिंग होणार काय, आणि पैसे. पैशाचं लेखकाला विचारायला लागू नये, प्रवास, राहणं आणि मानधन असे तीन आकडे आपणच आधी लिहायचे, मानधन कमी असेल तर कमी लिहायचं, पण "यथाशक्ती" लिहू नका, त्यातनं कुणालाच काही कळत नाही.

स्टेजवर कोण असणार हे सांगणं आपल्याकडं फार गरजेचं. शेवटच्या दिवशी कुणीतरी आमदार, माजी महापौर किंवा कुठल्या संघटनेचे नेते "दोन मिनिटं" म्हणून येतात आणि लेखकाच्या नावाचा कार्यक्रम भलत्याच बाजूचा होऊन बसतो. लेखकाला दुसऱ्या दिवशी पेपरात स्वतःचा फोटो कुणाच्या शेजारी दिसणार हे आधी कळायचा हक्क आहे.

दलित लेखकाला फक्त १४ एप्रिलच्या आसपास आणि लेखिकेला फक्त ८ मार्चच्या आसपास बोलवायची सवय असेल तर ती मोडा. त्या आठवड्यात त्यांना दहा ठिकाणची बोलावणी असतात आणि प्रत्येक ठिकाणी तेच भाषण मागतात. जुलै-ऑगस्टमध्ये बोलवा, निवांत मिळतात (पाऊस असतो, खानापूरकडची माणसं कमी येतील, ते धरून चाला).

पुण्या-मुंबईचा लेखक असेल तर त्याच्या येण्याजाण्याचं नीट बघा. पुण्याहून वंदे भारत बेळगावला येते पण ती रोज नाही, तेव्हा तारीख धरायच्या आधी गाडीचा वार बघायचा.

तारीख

हे थोडक्यात उरकतो. १ नोव्हेंबर सोडा, एकीकडं कर्नाटकचा राज्योत्सव, एकीकडं मराठी लोकांचा काळा दिन, सगळं शहर बंदोबस्तात. १७ जानेवारी सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा दिन, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असलं की लॉजच्या खोल्या मिळत नाहीत आणि पोलिसांना तुमच्या अर्जाकडं बघायला सवड नसते. वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती, परीक्षा, हे तर सांगायला नको. ऊसतोडीच्या मोसमात शेतकरी वाचक येत नाही हे मात्र शहरातल्या मंडळांच्या लक्षात राहत नाही.

वेळ ठरवताना बसचा विचार करा, खरंच करा. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी साध्या बसमधून तिकिटाचे पैसे लागत नाहीत, त्यामुळं खानापूर, हुक्केरी, निपाणीकडच्या वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या पोरी आणि बायका कार्यक्रमाला येऊ शकतात, अट एकच की शेवटच्या बसच्या आधी त्या सुटल्या पाहिजेत. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला की मागच्या तीन रांगा रिकाम्या होणारच, मग स्टेजवरनं "महिलांची उपस्थिती कमी" म्हणून खंत करायची! रविवारी सकाळी साडेदहा ही सगळ्यात चांगली वेळ. महाराष्ट्रातल्या चंदगडकडनं येणाऱ्या बायकांना ही सवलत नाही बरं का, ओळखपत्र कर्नाटकच्या पत्त्याचं लागतंय, त्यांच्यासाठी एखादी गाडी करता आली तर बघा.

हॉल आणि कागदपत्रं

सहाशे खुर्च्यांच्या रंगमंदिरात सत्तर माणसं बसवली की लेखकाचा आवाज पण पडतो. वाचनालयाचा हॉल, शाळेचा वर्ग, एखाद्या सोसायटीचं सभागृह बरं. निपाणी-खानापूरला शाळेचा हॉल सहसा मिळतो.

कागदपत्रांत आळस करायचा नाही. हॉलच्या आत कार्यक्रम असला तरी जवळच्या पोलीस स्टेशनला पत्र द्या, मराठी मजकूर ठेवायचा असेल तर ठेवा पण सोबत कन्नड प्रत जोडा, शिक्का मारून पोच घ्या आणि तो कागद त्या दिवशी खिशात ठेवा. पत्रात कार्यक्रमाचं स्वरूप, वेळ, लेखकाचं नाव, अंदाजे किती माणसं, एवढं स्पष्ट लिहा. आपल्याकडं साहित्य संमेलनांच्या परवानग्यासुद्धा ऐनवेळी अडलेल्या आहेत, तेव्हा हे पत्र आठ-दहा दिवस आधी गेलं पाहिजे. बाहेर स्पीकर लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हा नियम सगळ्या देशाला आहे. माझं ऐकाल तर बाहेर स्पीकर लावूच नका, ज्याला ऐकायचंय तो आत येतो.

फ्लेक्स करू नका. कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, आणि वर बोर्डाच्या भाषेवरनं वाद व्हायला आपल्याकडं वेळ लागत नाही. कापडी बॅनर, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषेत, हॉलच्या आत. काही जणांना हे नमतं घेणं वाटतं. मला नाही वाटत, आपल्या शहरात दोन्ही भाषा वाचणारी माणसं राहतात आणि त्या लेखकाला कन्नड वाचणारा एखादा नवा वाचक मिळाला तर कुणाचं काय गेलं.

एक जड विषय इथंच सांगून टाकतो. कम्युनिस्ट नेते आणि लेखक कॉ. गोविंद पानसरेंवर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या, कन्नड संशोधक डॉ. कलबुर्गींना ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडात घरात मारलं. दोन्ही शहरं बेळगावपासून गाडीनं दोन-अडीच तासांच्या आत. म्हणून लेखकाला किंवा लेखिकेला धमक्या येतात काय हे फोनवर सरळ विचारा, हसण्यावारी नेऊ नका. लॉजचं नाव ग्रुपवर टाकू नका, स्टेशनवरनं आणायला आणि पोचवायला ओळखीचं माणूस पाठवा, आणि कार्यक्रम झाल्यावर सेल्फीच्या गर्दीत त्यांना एकटं सोडून तुम्ही खुर्च्या मोजत बसू नका.

वाचायचं कसं, खरी मेहनत इथं आहे

मुलाखत घेणाऱ्यानं सगळं वाचायचं आणि बाकीच्यांनी हारतुऱ्याचं बघायचं अशी वाटणी करू नका. चार-पाच आठवडे आधी एक छोटा वाचनगट करा. पुस्तकं विकत घ्या, परवडत नसेल तर सार्वजनिक वाचनालयातनं आणा, पण झेरॉक्स काढून वाटू नका, ज्या लेखकाला आपण न्यायावर बोलायला बोलावतोय त्याच्याच रॉयल्टीवर पाणी सोडायचं म्हंजे काय.

पहिल्यांदा नुसतं वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा आणि चार गोष्टी बघा. गोष्ट कोण सांगतंय? कुणाला नाव आहे आणि कुणाला नुसता धंदा आहे, म्हंजे 'मोलकरीण', 'हमाल', 'न्हावी' एवढंच? कोण बोलतंय आणि कोण पुस्तकभर गप्प आहे? आणि बोली कुणाच्या तोंडात दिलीय?

ही शेवटची गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळते. समजा एका कादंबरीत निवेदन सगळं पुणेरी प्रमाण मराठीत आहे, मालक प्रमाण मराठी बोलतो, मास्तर प्रमाण मराठी बोलतो, आणि "काय करूलालास" म्हणतो तो फक्त गडी, तेही विनोदाच्या प्रसंगात. कुणी म्हणेल हा तर शैलीचा प्रश्न झाला. पण जरा थांबून बघा, गोष्ट सांगायचा अधिकार कुठल्या भाषेला दिलाय, शहाणपण कुठल्या उच्चारात येतं, हसू कुणावर काढलंय, हे सगळं त्या एका निवडीत आहे. लेखकाला "तुमच्या लेखनात जातवास्तव कसं येतं" विचारलं तर तो पाठ असलेलं उत्तर देईल. "अमुक पानावर गडी बोलतो आणि निवेदक बोलतो, दोघांची मराठी वेगळी का ठेवली, उलटं करून बघितलं होतं काय?" असं विचारलं तर त्याला आठवायला लागतं, आणि आठवता आठवता माणूस खरं बोलतो. कधी लेखक म्हणतो की होय, पहिला खर्डा पूर्ण बोलीत होता, प्रकाशकानं बदलायला लावला. झालं, तिथनं प्रकाशन व्यवहार, अभ्यासक्रम, परीक्षक कुठले, सगळा न्यायाचा विषय आपोआप उघडतो, तुम्हाला तो शब्द उच्चारावा पण लागत नाही.

तिसऱ्या वाचनात दोन उतारे निवडा जे लेखकानं स्टेजवर वाचायचे. प्रत्येकी एक-दीड पान, जास्त नको. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी पुस्तक वाचलेलं नसतं, उतारा ऐकला की सगळे एकाच पानावर येतात आणि प्रश्न अधांतरी राहत नाहीत. आणि लेखकाच्या जुन्या मुलाखती यूट्यूबवर ऐकून घ्या, जे उत्तर तीनदा दिलंय ते चौथ्यांदा विचारू नका.

प्रश्न लिहिताना

हे प्रश्न कागदावर आले तर खोडा: लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली, दलित साहित्याचं भवितव्य काय, स्त्री म्हणून लिहिताना काय अडचणी आल्या, नवोदितांना काय संदेश द्याल, सीमाप्रश्नाबद्दल आपली भूमिका काय. ह्यातला एकही प्रश्न विचारायला पुस्तक उघडावं लागत नाही, हीच त्यांची अडचण.

क्रम असा ठेवा: आधी पान, मग त्या पानावर लेखकानं केलेली निवड, मग ती माणसं, आणि मग समाज. "ह्या कथेत आई शेवटपर्यंत बोलत नाही, असं का ठेवलं" इथनं सुरू झालेली गोष्ट "तुमच्या घरातल्या बायकांना ही कथा वाचून दाखवली काय" इथं जाते आणि तिथनं "ज्यांच्यावर लिहितो त्यांची परवानगी लागते काय" ह्या मोठ्या प्रश्नावर जाते. लेखकाच्या कारागिरीवर प्रश्न सगळ्यांनाच विचारायचे हे पण लक्षात ठेवा. शहरातल्या, वरच्या जातीच्या लेखकाला आपण शैली विचारतो, प्रतिमा विचारतो, आणि दलित, भटक्या-विमुक्त किंवा मुस्लिम लेखकाला नुसतं आयुष्य विचारतो, जणू त्यानं लिहिलं नाही, नुसतं भोगलं. त्यानं पण वाक्य चार वेळा बदललेलं असतं. ते विचारा. आणि उलट पण करा, ज्या लेखकाच्या पुस्तकात जात कुठं दिसतच नाही त्याला विचारा की ती गेली कुठं.

आत्मकथन लिहिणाऱ्याशी बोलताना जास्त जपायला पाहिजे. जे पुस्तकात लिहिलंय ते त्यांनी वाचकाला दिलंय, त्याच्या पलीकडचं स्टेजवर मागायचा आपल्याला हक्क नाही. "ते सगळं खरंच तसं घडलं काय" हा प्रश्न कुठल्याही परिस्थितीत नको. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्ती आहे, देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ मध्येच कायदा झाला, आणि त्या घरांतनं आलेल्या मुली आज शिकून लिहायला लागल्यात. अशी कुणी स्टेजवर असेल तर आईबद्दल, लहानपणाबद्दल किती बोलायचं हे तिनं आधी सांगावं आणि आपण ते पाळावं, मग प्रेक्षकांतनं कितीही चिठ्ठ्या येऊ देत. तिला कवितेच्या ओळी कशा तोडतेस हे विचारा, बघा चेहरा कसा उजळतो ते.

सीमाप्रश्नाचं काय करायचं? एक प्रश्न ठेवा, मधल्या भागात ठेवा, आणि तो पण पुस्तकातनं काढा. सीमेवरच्या गावात वाढलेल्या लेखकाला विचारा की शाळेची भाषा, बाजाराची भाषा आणि घरातली भाषा वेगळी असताना पहिलं वाक्य कुठल्या भाषेत सुचतं. मुंबईचा लेखक असेल तर त्याला उगीच भूमिका मागू नका, त्याला फार तर सहानुभूती असते, अनुभव नसतो.

प्रश्न वीस-बावीस लिहा, त्यातले आठ-नऊच होतील. पहिले दोन आणि शेवटचा एवढे पक्के, बाकीचे ऐकत ऐकत निवडायचे.

कन्नड लेखकाला पण बोलवा की

हे वाचून काहींच्या कपाळाला आठी येईल, येऊ दे. कन्नड कवी-नाटककार चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे, २०१० सालचं ज्ञानपीठ त्यांचं, आणि आपल्या किती मराठी मंडळांनी त्यांच्या कामावर तासभर तरी बोलणं ठेवलं? जाऊ दे.

जात आणि साहित्य ह्या विषयावर तर दोन्ही भाषांतल्या लेखकांना समोरासमोर बसवायला बेळगावसारखी जागा नाही. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, १९७३ ला म्हैसूरकडं मंत्री बसवलिंगप्पांनी कन्नड साहित्यातलं बरंचसं म्हणजे 'बूसा' आहे, जनावराचा भुसा, असं म्हटल्यावर केवढा गदारोळ झाला, त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं, आणि त्यातनंच तिकडच्या दलित चळवळीला, पुढं बंडाय म्हणजे बंडखोर साहित्याला जोर आला. एका वर्षाच्या अंतरात दोन भाषांत हे घडलं, आणि मधोमध राहणाऱ्या आपल्याला दोन्ही भाषा कळतात. एक मराठी आणि एक कन्नड लेखक बसवा आणि दोघांना एकच प्रश्न टाका, शिवी पुस्तकात छापताना प्रकाशक काय म्हणाला. बघा गप्पा कुठं जातात.

दुभाष्याचं मात्र नीट जमवा. दुभाषी म्हणून बँकेतला कुणी कन्नड येणारा ऐनवेळी पकडू नका, साहित्य वाचणारा माणूस घ्या, त्याला उतारे आणि प्रश्न आधी द्या, मानधन पण द्या आणि पोस्टरवर त्याचं नाव पण घाला. त्याला लेखकाच्या शेजारी बसवा, मागं उभं करू नका. बेळगावच्या हॉलमध्ये बऱ्याच जणांना दोन्ही कळतं, म्हणून प्रत्येक वाक्याचा अनुवाद नको, लेखक तीन-चार मिनिटं बोलला की दुभाष्यानं मिनिटभरात सार सांगायचं, उतारे मात्र दोन्ही भाषेत पूर्ण वाचायचे. वेळ दीडपट धरा.

आदल्या आठवड्यात

लेखकाला फोन करून अर्धा तास बोला. सगळे प्रश्न पाठवू नका, उत्तरं पाठ होतात, विषय आणि उतारे तेवढे सांगा. काय विचारू नये ते विचारून घ्या. आणि एक गोष्ट हमखास विचारा: सुरुवातीला सरस्वतीपूजन, ईशस्तवन चालेल काय? बऱ्याच आंबेडकरी आणि विवेकवादी लेखकांना ते चालत नाही, स्टेजवर त्यांना अवघडल्यासारखं उभं करून मग पेपरात वाद करण्यापेक्षा फुले, सावित्रीबाई, आंबेडकरांची तसबीर ठेवा किंवा काहीच ठेवू नका, सरळ उताऱ्यानं सुरुवात करा. मला तर हेच आवडतं, शिवाय पंधरा मिनिटं वाचतात.

कार्यक्रमाच्या दिवशी

लांबलचक टेबल आणि त्यावर पांढरी चादर काढून टाका. दोन खुर्च्या जरा तिरक्या, मध्ये छोटं स्टूल, पाणी, पुस्तकं. दोन माइक पाहिजेतच, एकच माइक इकडून तिकडं द्यायला लागला की गप्पांचा जीव जातो. पंखे सुरू ठेवून आवाज तपासा, आणि लाइट गेली तर काय ते आधी ठरवा.

परिचय चार मिनिटांत. पुरस्कारांची यादी नको, एका पुस्तकाबद्दल काय आवडलं ते सांगा. सत्कार शेवटी ठेवा, फक्त लेखकाचा (आणि दुभाष्याचा). देणगीदार, हॉल देणारे, बॅनर देणारे, माजी अध्यक्ष असे सगळ्यांचे सत्कार करायचे असतील तर त्यांना वेगळं जेवण द्या, लोकांचा वेळ नको. मग पंचावन्न मिनिटं मुलाखत उताऱ्यांसकट, आणि अर्धा तास लोकांचे प्रश्न.

मुलाखत घेणाऱ्यानं स्वतःचा प्रश्न दोन वाक्यांत संपवायचा. लेखक थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, चार-पाच सेकंद गप्प बसा, बऱ्याचदा त्यानंतरच कामाचं बोलणं येतं. उत्तर पटलं नाही तर तसं सांगा, भांडखोरपणा नको, "पण पुस्तकात तर तुम्ही उलटं केलंय" एवढं म्हटलं तरी पुरतं. भक्त म्हणून बसलेला मुलाखतकार आणि फिर्यादी वकील म्हणून बसलेला मुलाखतकार, दोघांकडनं काहीच निघत नाही.

लोकांच्या प्रश्नांना चिठ्ठ्या आणि माइक दोन्ही ठेवा. ज्यांना उभं राहून बोलायची सवय नाही, पोरी, नवी लिहिणारी मुलं, त्या चिठ्ठी लिहितात. पण चिठ्ठ्या निवडणारा माणूस नीट बघून नेमा, अवघड प्रश्न बाजूला सारणारा नको. पहिला माइक मागच्या रांगेत द्या, पुढच्या रांगेतले मान्यवर कसेही बोलतातच.

प्रत्येक कार्यक्रमात एक गृहस्थ उठतात, त्यांना प्रश्न नसतो, निवेदन असतं. मिनिटभर ऐका, मग हसत "काका, ह्यातला प्रश्न मी लेखकाला विचारतो हं" म्हणून स्वतःच एका वाक्यात प्रश्न करा आणि पुढं चला. घोषणा सुरू झाल्या तर ओरडून थांबवायला जाऊ नका, एक-दोन होऊ द्या, आणि लेखकाला दुसरा उतारा वाचायला सांगा, वाचन सुरू झालं की हॉल शांत होतो. कुणी लेखकाच्या जातीवर, धर्मावर, बाई म्हणून चारित्र्यावर गेला तर मात्र हसत सांभाळायचं नाही, माइक काढून घ्यायचा आणि का घेतला ते सगळ्यांसमोर सांगायचं. हे कोण करणार ते आधी ठरवलेलं असावं, नाहीतर सगळे एकमेकांकडं बघत बसतात.

झाल्यानंतर

रेकॉर्डिंग टाकायच्या आधी लेखकाला लिंक पाठवा. चाळीस सेकंदाच्या क्लिप काढताना प्रश्न आणि उत्तर दोन्ही ठेवा, भाषेवरचं किंवा जातीवरचं एक तुटक वाक्य बेळगावातनं व्हायरल झालं की त्याचा त्रास लेखकाला दोन्ही राज्यांतनं होतो आणि आपण तिकडं लाइक मोजत बसतो. पेपरला बातमी स्वतः लिहून द्या, नाहीतर "सीमाबांधवांच्या पाठीशी ठाम" एवढाच मथळा येणार हे धरून चाला. बातमीत उताऱ्यातलं एखादं वाक्य आणि पुस्तकाचं नाव पाहिजे.

पुस्तकांचं टेबल दाराजवळ, स्टेजजवळ नको, सुट्टे पैसे आणि क्यूआर दोन्ही ठेवा. वाचनगट मोडू नका, त्याच आठवड्यात पुढच्या लेखकाचं पुस्तक हातात घ्या, ह्या वेळी कन्नडमधनं मराठीत आलेलं काहीतरी. आणि मानधनाचं पाकीट जेवणाच्या आधी द्या, एकांतात, ठरलेल्या आकड्याचं. लेखक गाडीत बसल्यावर खिडकीतनं कोंबू नका आणि "नंतर ट्रान्सफर करतो सर" तर मुळीच म्हणू नका.